उन्हाळ्यात मेहनत सुरू करताय? ऊन, थकवा आणि विश्रांतीचा हिशोब

परीक्षा संपल्या की कोल्हापुरात तीन ठिकाणी एकदम गर्दी वाढते: तालमीत, भरतीची तयारी करणाऱ्यांच्या मैदानांवर आणि रंकाळ्याच्या काठावर. म्हणजे नवी माणसं सुरुवात करतात ती नेमकी वर्षातल्या सगळ्यात अवघड दिवसांत. पहिल्या आठवड्यात दम लागतो, दुसऱ्यात अंग धरतं आणि तिसऱ्यात बरेच जण "आपल्याच्यानं नाही होत" म्हणून घरी बसतात. बहुतेकांच्या बाबतीत चूक एवढीच असते, की उन्हाचा भार हिशोबात धरलेला नसतो. पाठीवर साखरेचं पोतं घेऊन पळताना कुणी नेहमीची वेळ गाठायला जात नाही. ऊन हेही तसंच पोतं आहे, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

उन्हात दम लवकर का तुटतो

स्नायू काम करतात तेव्हा खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच हालचालीत येते, बाकीची उष्णता होते. हिवाळ्यात ही उष्णता कातडीवाटे आपसूक बाहेर जाते. हवेचं तापमान ३५-३६ अंशांवर पोचलं की हवा आणि कातडी जवळपास सारख्याच गरम होतात आणि तो रस्ता बंद होतो. मग उरतो फक्त घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. यात 'वाळला तर' हे लक्षात ठेवायचं. ओघळून मातीत पडलेला घाम अंगातलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता मात्र अंगातच ठेवतो. ‘आज घामाची आंघोळ झाली, मस्त मेहनत झाली’ असं म्हणण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

रक्ताचीही ओढाताण होते. स्नायूंना रक्त हवं असतं आणि अंग गार करायला कातडीलाही हवं असतं. त्यात घामामुळे रक्तातलं पाणी घटत जातं, प्रत्येक ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं, आणि ती तूट भरायला ठोके वाढतात. विसाव्या मिनिटाला १५० वर असलेली नाडी त्याच वेगात चाळिसाव्या मिनिटाला १६५ वर दिसू शकते. वेग तोच आहे, भार वाढला आहे. अंगाच्या आतलं तापमान मेहनतीत ३७ वरून ३८-३९ अंशांपर्यंत जाणं नेहमीचं आहे. त्याच्या पुढे जायला लागलं की मेंदू स्नायूंना दिलेला हुकूम आपणहून सैल करतो. पाय जड होतात, पकड ढिली पडते, मन उचल खात नाही. त्या घडीला शेजारच्यानं "अजून एक फेरी" म्हणून ओरडू नये आणि आपणही ऐकू नये.

सगळ्या व्यायामांना ऊन सारखं बाधत नाही. १०० मीटरची धाव किंवा गोळाफेक उन्हात बिघडत नाही, उलट गरम स्नायू थोडे चपळ चालतात. भरतीची १६०० मीटर धाव एकदाच, ताज्या अंगानं असेल तर फरक थोडा पडतो. पण सरावात ४०० मीटरच्या सहा फेऱ्या मारताना चौथीपासून वेळ घसरते ती उष्णता साठत गेल्यामुळे. अर्ध्या तासाच्या वरची धाव, नव्वद मिनिटांचा फुटबॉल, तासभर चाललेल्या कुस्तीच्या जोडी, जोतिबाच्या डोंगराची चढण: इथे ऊन सगळ्यात जास्त वसूल करतं.

वेळ आणि जागा आधी ठरवा

मे महिन्यात कोल्हापुरात सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि दिवसातलं सगळ्यात कमी तापमान त्याच्या जरा आधी असतं. पावणेसहा ते सव्वासात ही नव्या माणसाची वेळ. साडेआठनंतर पळायचं नाही. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो म्हणून बरं वाटतं, पण पाच वाजता डांबर, फरशी आणि पत्रा दिवसभराची धग सोडत असतात. संध्याकाळच करायची असेल तर साडेसहानंतर, आणि मातीच्या मैदानावर.

फोनवर ‘आर्द्रता’ बघून मात्र फसायला होतं. सकाळी २२ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, दुपारी ३७ अंश आणि ४० टक्के आर्द्रता, या दोन्ही वेळी हवेतली वाफ जवळजवळ तेवढीच असते. टक्केवारी तापमानाबरोबर खालीवर होते, वाफ तिथेच राहते. घाम वाळेल की नाही हे कळायला ‘दवबिंदू’ हा आकडा बघा (हवा किती अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होतं, तो आकडा), हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये तो मिळतो. दवबिंदू १५ च्या खाली असेल तर घाम सहज वाळतो. २० च्या वर गेला की अंग चिकट राहतं, मेहनत कमी करावी. २३-२४ ला जोराचा सराव नको. वळीव येण्याआधीची ती घुसमटलेली संध्याकाळ, पान हलत नाही अशी, ती या शेवटच्या गटात मोडते. तापमान ३३ च असलं तरी ती सकाळच्या कोरड्या ३३ पेक्षा फार वाईट असते.

जागेचाही फरक पडतो. पत्र्याच्या शेडमधली जिम संध्याकाळी सहाला भट्टी असते. तिथे सकाळीच जा. ट्रेडमिलवर माणूस जागच्या जागी पळतो, त्यामुळे अंगावर वारा येत नाही; समोर मोठा पंखा नसेल तर बाहेर पळणं बरं. जुन्या तालमींच्या जाड भिंती आणि ताक, तेल, हळद, लिंबू घालून राखलेली ओलसर लाल माती गार असते. पण वीस पोरं एकदम हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरली आणि खिडक्या लहान असल्या की आतली हवा घामाच्या वाफेनं भरते. अशा ठिकाणी पंखा आत वारा फिरवण्याऐवजी दारात, तोंड बाहेर करून लावला तर ती वाफ बाहेर जाते. आणि खडाखडी (हात भिडवून घेतलेली झटापट) झाली की दोन मिनिटं बाहेरच्या ओसरीवर येऊन उभं राहायचं, पाठ पुसायची, मग पुन्हा आत.

कपडे सैल आणि फिक्या रंगाचे असावेत. सुती कपडा घाम पितो, पण एकदा चिंब झाला की अंगाला चिकटतो आणि वारा अडवतो. तासाभराच्या धावेला पातळ जाळीदार टी-शर्ट बरा, नाहीतर सुती बनियन निम्म्यात बदलायचा. पहाटे चालायला येणाऱ्या बायका नायलॉनची साडी किंवा जाड सिंथेटिक ड्रेस घालून येतात, तो बदलला तरी पुष्कळ फरक पडतो.

पहिले चौदा दिवस

उन्हाची सवय होते, आणि ती केवळ मनाची नसते. रोज घाम येईल एवढी मेहनत केली की तीन ते पाच दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी लागतात. पुढच्या आठवड्यात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ घटतं. १० ते १४ दिवसांत यातलं बरंच काम उरकतं. पण हे दिवस सलग लागतात. आठवड्यातून दोनदा येऊन ही सवय लागत नाही.

पहिले तीन दिवस २० ते २५ मिनिटं. पाच मिनिटं चाल, मग दोन मिनिटं हळू धाव आणि दोन मिनिटं चाल असं आलटून पालटून, शेवटी पाच मिनिटं चाल. चौथ्या ते सातव्या दिवशी ३० ते ४० मिनिटं, वेग तोच. आठव्या दिवसापासून ४५, आणि जमेल तसं तासाकडे. जोराच्या फेऱ्या दहाव्या दिवसाच्या आधी नकोत. वेगाची खूण एकच: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "हो", "नाही" एवढंच निघत असेल तर वेग कमी करा. घड्याळातला वेग पहिले चौदा दिवस बघूच नका; हिवाळ्यात पळून झालेलं असेल तर तो मागे पडलेला दिसणारच.

तालमीत येणाऱ्या नव्या पोरानं एक धोका नीट समजून घ्यावा. पहिल्याच दिवशी ईर्ष्येनं तीनशे-चारशे बैठका मारल्या, त्यात उकाडा, त्यात पाणी कमी, तर मांडीचे स्नायू इतके फुटतात की त्यातला रंगीत पदार्थ रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पाडू शकतो. मांड्या दगडासारख्या फुगतात, जिना उतरता येत नाही आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. हे नेहमीचं अंग धरणं नव्हे. नेहमीचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि मग उतरतं, लघवीचा रंग बदलत नाही. काळी लघवी दिसली की त्याच दिवशी दवाखाना, तेल लावून वाट बघायची नाही. पहिल्या दिवशी दहा-पंधरा बैठकांच्या तीन फेऱ्या आणि पाच जोरांच्या तीन फेऱ्या पुरेत. दर तिसऱ्या दिवशी थोडं थोडं वाढवा. पोराला पहिल्या आठवड्यात आवरून धरणारा वस्तादच खरा जाणता.

ही सवय सुटतेही. आठवडाभर गावी गेलात तर थोडंच नुकसान होतं. तीन-चार आठवडे एसीतल्या ऑफिसात घालवले तर जवळजवळ पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पाणी किती, मीठ किती

“दिवसाला चार लिटर प्या" असल्या सरसकट सल्ल्याचा उपयोग नाही, कारण एकाला तासाला अर्धा लिटर घाम येतो आणि दुसऱ्याला दीड-दोन लिटर. आपला आकडा आपणच काढायचा. लागतं काय, तर ग्रॅम दाखवणारा डिजिटल वजनकाटा आणि एक मापाची बाटली.

मेहनतीच्या आधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर नेहमीची मेहनत करा. किती पाणी प्यालात ते बाटलीवरून लिहून ठेवा. संपल्यावर अंग पंचानं कोरडं पुसून, ओले कपडे काढून पुन्हा वजन करा. समजा आधी ६८.४ किलो होतं, नंतर ६७.२ भरलं, मधे ४०० मिली पाणी प्यालात. घट १.२ किलो, अधिक प्यालेलं ०.४, म्हणजे तासाला १.६ लिटर घाम. हे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा: एक मार्चमधला, एक मे मधला. दोन आकड्यांतला फरक पाहिला की उन्हाळा म्हणजे काय ते कागदावर दिसतं.

वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत ठेवायची. ६८ किलोच्या माणसाला ती साधारण १.३६ किलो. त्यापुढे लांब पल्ल्याच्या मेहनतीत दम स्पष्ट उतरतो. वरच्या उदाहरणात घट पावणेदोन टक्के आहे, म्हणजे काठावर. त्यानं तासात ४०० ऐवजी ६०० मिली प्यावं. ओंजळ-ओंजळ नाही आणि तांब्याभर एकदम नाही: दर पंधरा-वीस मिनिटांनी १५० ते २०० मिली. पहाटे निघताना उठल्या उठल्या ३०० मिली पिऊन निघा.

उलट टोकही आहे. घाबरून घामापेक्षा जास्त पाणी पीत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं ठणकतं, मळमळतं, बोटातली अंगठी घट्ट होते, आणि फार झालं तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. ओळखायची खूण वजनकाट्यावरच आहे: मेहनतीनंतरचं वजन आधीपेक्षा जास्त भरता कामा नये.

घामात लिटरमागे साधारण अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमच्या वरही सोडियम (मिठातला मुख्य घटक) जातं, माणसागणिक फरक फार. काळ्या टी-शर्टवर वाळल्यावर पांढऱ्या रेघा दिसत असतील, डोळ्यांत घाम चुरचुरत असेल तर तुमचा घाम खारट आहे. ४५ मिनिटांपर्यंतच्या मेहनतीला साधं पाणी पुरतं. त्यापुढे हे करा: एक लिटर माठातलं पाणी, मीठ पाव सपाट चमचा (चहाचा चमचा, साधारण दीड ग्रॅम), किसलेला गूळ तीन ते चार मोठे चमचे म्हणजे ४०-५० ग्रॅम, एक लिंबू. गूळ आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या, नाहीतर बाटलीच्या तळाला रेती बसते. गुळाची कमतरता आपल्याकडे नाही, आणि त्यात थोडं पोटॅशियमही मिळतं. यापेक्षा गोड करू नका. फार गोड पाणी पोटात अडून राहतं आणि पळताना डुचमळतं. उसाचा रस याच कारणानं मेहनतीच्या मधे चालत नाही, संपल्यावर मीठ-लिंबू घालून एक ग्लास चांगला. मीठही अंदाजानं टाकू नका. जास्त मिठानं उलटी होते. जुलाब-उलट्यांत द्यायचं मीठ-साखर-पाणी वेगळं: लिटरला अर्धा सपाट चमचा मीठ आणि सहा सपाट चमचे साखर. रक्तदाब किंवा किडनीचा आजार असेल त्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. मधुमेहींनी गुळाचंही.

मेहनत चालू असताना गार कसं राहायचं

डोकं, मान आणि हातांवर पाणी मारल्यानं बरं वाटतं आणि वारा असेल तर अंगही गार होतं. पण बरं वाटणं आणि गार होणं यात अंतर आहे; तोंडावर पाणी मारून लगेच वेग वाढवू नका. फुटबॉलच्या मध्यंतरात सगळ्यात उपयोगी म्हणजे बर्फाच्या पाण्यात भिजवलेले पंचे. एका बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, खेळाडूमागे दोन पंचे: एक मानेवर, एक मांड्यांवर, दर दोन मिनिटांनी पुन्हा बुडवून. शाहू स्टेडियमवर दुपारचा सामना असेल तर ही बादली चेंडूइतकीच गरजेची समजा. सामन्याआधी अर्ध्या तासात बर्फाचा बारीक चुरा घातलेलं कोकम सरबत एक-दीड ग्लास घोटाघोटानं घेतलं तर अंग आतून थोडं गार होऊन सुरुवात होते. पण हे आधी सरावात करून पाहा. काहींच्या पोटाला ते मानवत नाही.

संपल्यावरचे दोन तास

धाव संपली की धपकन बसू नका. पायांतल्या नसा उष्णतेनं पसरलेल्या असतात, रक्त तिथेच साठतं आणि भोवळ येते. आठ-दहा मिनिटं सावलीत चाला. मग आंघोळ. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बर्फाइतकं गार नसलं तरी पुरतं. मांड्यांवर आणि पाठीवर जास्त घ्या. बर्फाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसल्यानं दुसऱ्या दिवशीचं दुखणं कमी होतं, म्हणून दोन दिवस लागोपाठ सामने असतील तर ते करावं. ताकद आणि अंग कमवण्याचे दिवस असतील तर रोज करू नये. स्नायू वाढण्याची जी प्रक्रिया मेहनतीनंतर सुरू होते, ती त्यानं मंदावते.

वजनात जेवढी घट आली त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या तीन-चार तासांत प्यायचं, कारण त्यातलं काही लघवीवाटे जाणारच. १.२ किलो घटीला दीड ते १.८ लिटर. सगळं साधं पाणी नको: मीठ घातलेलं ताक, पन्हं, आमटी हे सगळं यात धरा. जेवणात मीठ असलं की पाणी अंगात टिकतं.

उकाड्यात स्नायूंतला साखरेचा साठा जास्त वेगानं संपतो. तो भरला नाही की दुसऱ्या दिवशी कारण कळत नाही आणि पाय उचलत नाहीत. पहिल्या दोन तासांत वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम पिष्ट (कार्बोहायड्रेट) धरा. ६० किलोच्या माणसाला एक मोठी बशी पोहे किंवा एक ज्वारीची भाकरी आणि वर एक लहान केळं. त्याबरोबर २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं: अर्धा लिटर म्हशीचं दूध, किंवा दोन अंडी आणि वाटीभर मटकीची उसळ. थंडाई जरूर घ्या, पण क्रमानं. बदामाचा आणि दुधाचा स्निग्धपणा पोट सावकाश रिकामं करतो, म्हणून आधी पाणी-मीठ, अंग गार झाल्यावर थंडाई. रात्री पांढरा रस्सा मिळाला तर त्यात पाणी, मीठ आणि मटणाचं सत्त्व तिन्ही आहे. दहानंतर तर्रीदार ताट मात्र झोपेला मारक.

झोप हा या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. झोप लागायला अंगाचं तापमान उतरावं लागतं, आणि मे मधल्या रात्री घराचा स्लॅब अकरापर्यंत तापलेला असतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्यानं आंघोळ करा. कातडीतल्या नसा मोकळ्या होऊन आतली उष्णता बाहेर पडते. सात तासांच्या खाली झोप झाली असेल तर दुपारी तीनच्या आत अर्धा तास पडा. रात्रभर जागरण झालेलं असेल, मग लग्न असो की यात्रा, दुसऱ्या सकाळी उन्हात जोराची मेहनत करायचीच नाही. अपुरी झोप हे मेहनतीतल्या उष्माघाताचं एक ठरलेलं कारण आहे.

रोज सकाळी दोन मिनिटं

उठल्यावर अंथरुणातच ३० सेकंद नाडी मोजा, दुप्पट करा, वहीत लिहा. आठवडाभरात तुमचा नेहमीचा आकडा कळेल. मग शौचाला जाऊन आल्यावर वजन, आणि लघवीचा रंग. फिकट पिवळा ठीक, गडद पिवळा म्हणजे पाणी कमी.

वजन कालच्यापेक्षा एक टक्क्यानं उतरलेलं, लघवी गडद, आणि उठताच तहान: यातल्या दोन गोष्टी असतील तर कालची तूट भरलेली नाही. त्या दिवशी निम्मीच मेहनत, आणि आधी पाणी. नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर असेल तर फक्त चाल. असं सलग तीन दिवस दिसलं, भूक मेली, चिडचिड वाढली, वेळ घसरतच चालली, तर तीन-चार दिवस पूर्ण विश्रांती. इथे नवी माणसं हमखास उलटं करतात: वेळ घसरली म्हणून सराव वाढवतात. ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर निदान दोन-तीन दिवस उन्हात उतरू नका. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात बायकांचं मूळ तापमान ०.३ ते ०.५ अंशानं वर असतं, त्या दिवसांत वेग जरा कमी वाटला तर त्यात काळजीचं काही नाही. दुखणं दाबायला गोळी खाऊन मेहनतीला जाणं तर बंदच करा. अंगात पाणी कमी असताना काही वेदनाशामकं मूत्रपिंडांना इजा करतात.

घाम काढून वजन उतरवणं

कुस्तीच्या मैदानांचा हंगाम आणि उन्हाळा एकच असल्यानं हे लिहिणं भाग आहे. वजनगटात बसायला पाणी तोडून, प्लॅस्टिकचा सूट घालून पळणं म्हणजे घाम वाळण्याचा एकमेव रस्ता आपल्या हातानं बंद करणं. अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबर १९९७ मध्ये महिन्याभराच्या अवधीत तीन महाविद्यालयीन पैलवान असंच वजन उतरवताना गेले, त्यानंतर तिथे नियम बदलले. तेही हिवाळ्यात. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये याचा धोका किती वाढतो ते वेगळं सांगायला नको. आणि काट्यावर जिंकलेलं वजन हौद्यात हरवतं: पाणी आणि साखर दोन्ही गेलेल्या अंगाचा दम दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला तुटतो. वजन उतरवायचंच तर सहा-आठ आठवडे आधीपासून, आठवड्याला अर्धा किलो, खुराकातून.

ऊन लागलं तर

पोटरीत गोळा आला तर थांबा, पंजा नडगीकडे ओढून ताण द्या, मीठ-पाणी द्या. भोवळ, मळमळ, भरपूर घाम, पण माणूस नीट बोलतोय: सावलीत आडवा करा, पाय फूटभर वर, कपडे सैल, अंग ओलं करून वारा, घोटघोट पाणी. अर्ध्या तासात बरं वाटलं पाहिजे. त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, चिडून अंगावर यायला लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात आहे असं समजूनच हालचाल करा. अंग कोरडं पडण्याची वाट बघू नका. मेहनतीत होणाऱ्या उष्माघातात अंग बहुतेकदा घामानं चिंब असतं, आणि इथेच लोक फसतात. एकानं १०८ ला फोन करायचा, बाकीच्यांनी लगेच गार करायला घ्यायचं. रुग्णवाहिका आली तरी शक्य असेल तर आधी गार करणं, मग हलवणं. कोसळल्यापासून अर्ध्या तासात तापमान उतरलं तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी असते.

सगळ्यात चांगलं म्हणजे गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवणं: जनावरांच्या पाण्याचा हौद, मोठं टाकं, काहीही. एकानं मागून काखेत हात घालून डोकं वर धरायचं. हौद नसेल तर ताडपत्री. माणसाला मधोमध ठेवा, चौघांनी कडा उचलून धरा, त्यात बादल्यांनी पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओता आणि पाणी हलवत राहा. पंधरा-वीस मिनिटं, किंवा तो थरथरायला लागेपर्यंत आणि शुद्धीवर नीट बोलेपर्यंत. कांदा हुंगवण्यात, तळपाय चोळण्यात वेळ घालवू नका. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी इथे काम करत नाही. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच. यकृत आणि मूत्रपिंडांचं नुकसान दुसऱ्या दिवशी दिसतं.

म्हणून मैदानावर जाताना गटाकडे एक ताडपत्री, दोन बादल्या आणि जवळच्या बर्फवाल्याचा नंबर असावा. एकट्यानं पळणाऱ्यानं घरी रस्ता आणि परतायची वेळ सांगून निघावं.

जूनमध्ये पाऊस लागला की हा सगळा ताण उतरतो. गार, ओल्या हवेत वेळा सुधारतात आणि माणूस उन्हाळ्यात शिकलेलं विसरतो. मग पाऊस थांबतो, ऑक्टोबर हिट येते, आणि उन्हाची सवय तोवर पूर्ण गेलेली असते. त्या पहिल्या तापलेल्या सकाळी वही उघडून पुन्हा २० मिनिटांपासून सुरुवात करा: पाच मिनिटं चाल, दोन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल.